उशिरा काढलेलं शुद्धिपत्र

पाच वर्षांपूर्वी याच दिवाळी अंकात माझा एक लेख छापून आला होता. मथळा होता 'आमचा एकही माणूस नाही'. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, कुवेतमध्ये एका टायपिंगच्या दुकानात नोकरी करत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो. लेख पुष्कळांना आवडला. माझ्या वडिलांनी तर त्याला चौकट करून तो छापखान्याच्या भिंतीवर टांगला.

यंदा संपादकांचं पत्र आलं. "तिथल्या नोकरीतले किस्से लिहा. गिऱ्हाइकं, गमतीजमती. गंभीर नको." किस्से आहेत माझ्याकडे. पण त्या जुन्या लेखातलं एक वाक्य खोटं होतं आणि ते छापलं जाण्याआधी मला ते खोटं असल्याचं कळलेलं होतं. हे सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सांगता येणार नाही.

टायपिंगचं दुकान म्हणजे काय, हे इथल्या माणसांना समजावून सांगावं लागतं. कुवेतमध्ये प्रत्येक सरकारी कागद अरबीत. बाहेरून आलेल्या निम्म्याअधिक लोकांना तो वाचता येत नाही. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, बदलायचा तर अर्ज अरबीत, नोकरीचा करार अरबीत, बायकोला बोलवायचं तरी अरबीत. म्हणून मिरकाब भागात जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर ही दुकानं असतात. दोन टेबलं, दोन संगणक, खिडकीत घरघरणारा एसी आणि दारापर्यंत आलेली रांग.

आमच्या दुकानाचे मालक उस्ताद समीर. मूळचे इजिप्तचे, वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले. अरबी ते टाइप करायचे. इंग्रजी, हिंदी आणि मराठी माझ्याकडे. अरबी मला बोलण्यापुरती येत होती. वाचायला उस्तादांनी सहा महिन्यांत शिकवली. त्यांच्या दुकानाची एक पद्धत होती, जी आजूबाजूच्या दुकानांत नव्हती. करारावर सही करण्याआधी माणसाला तो त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवायचा. मग खाली शिक्का मारायचा: 'वरील मजकूर सही करणाऱ्यास त्याच्या भाषेत वाचून दाखवला व त्यास तो समजला.' शिक्क्याखाली वाचणाऱ्याचं नाव आणि सही.

वाचणारा मी.

मला या शिक्क्याचा केवढा अभिमान होता! माझे वडील इचलकरंजीत छोटा छापखाना चालवतात. लग्नपत्रिकांवर पोट भरायचं आणि यंत्रमाग कामगारांची पत्रकं जवळजवळ फुकटात छापायची, असा त्यांचा धंदा. माझी अक्षरओळख त्या पत्रकांवर झाली. 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी मला 'निषेध' आणि 'जाहीर सभा' वाचता येत होतं. सोळाव्या वर्षापासून पत्रकं मीच लिहायला लागलो. कामगाराला त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते कळलं पाहिजे, हे मी निदान तीसेक पत्रकांत लिहिलं असेल. आणि इथे तेच काम मला पगार देऊन करायला सांगत होते. मी वडिलांना लिहिलं, "इथे मी रोज एक पत्रक वाचतो, आणि ऐकणारा एकच असतो, पण त्याला त्याची खरंच गरज असते."

तो शिक्का कुणाच्या बाजूचा होता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

दुकानाचं एक दुसरंही काम होतं. वरच्या मजल्यावर एक सल्लागार कंपनी होती. अमेरिका इराकवर हल्ला करणार अशी हवा तापली, तशी तिला रोज सकाळी निरनिराळ्या देशांच्या वर्तमानपत्रांचा गोषवारा हवा असायचा. कोण अमेरिकेच्या बाजूने या युद्धात उतरणार, कोण नाही, कोण कुंपणावर. भारतातली वर्तमानपत्रं माझ्याकडे. बाकीच्या देशांची सरकारी निवेदनंही माझ्यासमोरूनच जायची. मी भिंतीवर तीन रकान्यांचा कागद लावला: येणार, नाही येणार, विचार करताहेत. रांगेतली माणसं तो वाचून चहाच्या पैजा लावायची. पहिल्या रकान्यात काही बेटांचे देश होते, ज्यांच्याकडे लष्करच नाही. उस्ताद त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "शुफ, ये लोग क्या भेजेगा? नारियल?" शुफ म्हणजे बघ.

त्या महिन्यांत मी निवेदनं वाचायला शिकलो. 'आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत' म्हणजे अजून त्यांना कुणी फोन केलेला नाही. 'मित्रदेशांशी सल्लामसलत सुरू आहे' म्हणजे फोन आला, आता भाव ठरतोय. 'आमच्या घटनेच्या चौकटीत राहून' म्हणजे सैनिक येतील, फक्त त्यांना अभियंते म्हटलं जाईल. सगळी खुबी नावात. माणूस तोच, बूट तेच, त्याला म्हणायचं काय एवढाच प्रश्न. हे मी मेसमध्ये रंगवून सांगायचो आणि सगळे हसायचे.

मेस म्हणजे मंगफमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आम्ही सातजण तिथे जेवायचो. पुण्या-नाशिककडचे तेलकंपन्यांतले तंत्रज्ञ, एक देशमुखसाहेब नावाचे इंजिनियर, आणि मी. मिरकाबहून बसने तासभर लागायचा, तरी मी जायचो, कारण स्वयंपाक अब्बासचाचांचा होता. चाचा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, डोक्यावर कायम एक विटकी टोपी. बांगड्याचं कालवण करताना ते कुणालाही स्वयंपाकघरात येऊ द्यायचे नाहीत. मला मात्र द्यायचे, कारण मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. त्यांना सही करता यायची. वाचनाचं म्हणाल तर शाळा दुसरीतच सुटलेली. मला ते मास्तर म्हणायचे.

"मास्तर, आज कोण आला आणि कोण पळाला, ता वाचा," असं म्हणत ते पळीनेच भिंतीवर हवेत माझे तीन रकाने काढायचे.

चाचांनी एक युद्ध पाहिलेलं होतं. नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा ते इथेच, एका हॉटेलात आचारी होते. हजारो भारतीयांसारखे तेही बसरा, बगदाद करत वाळवंटातून अम्मानला पोचले आणि तिथून विमानाने मुंबईला. वाटेत काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "पाणी मागणाऱ्याला आमी पाणी नाय दिलं. आमच्याकडं होतं, तरी नाय दिलं. तो रस्ता आता मला नको." दोन वर्षांनी ते कुवेतला परतले ते बायकोला, फातिमाचाचींना, शब्द देऊन: कुवेतात राहीन, पण त्या सरहद्दीपलीकडे पाऊल टाकणार नाही. त्या शब्दाला ते नमाजासारखे सांभाळून होते. दर शुक्रवारी दुपारी चाचींचा फोन मेसवर यायचा आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "हाव कुठं तुमी?" चाचा म्हणायचे, "हाय तिथंच हाय. चुलीफुडं."

मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. भोंगे वाजले की विषारी वायूच्या भीतीने आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या एका खोलीत बसायचो, दाराच्या फटीत ओले टॉवेल. चाचा मात्र गॅस बंद करून शेवटी यायचे. देशमुखसाहेब ओरडायचे, "चाचा, जीव मोठा की भात?" चाचा म्हणायचे, "साहेब, भात करपला तर तुमीच जीव घ्याल माझा."

मग इराक पडलं, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या भिंतीवरच्या कागदाचा तिसरा रकाना अचानक आमचा झाला. अमेरिकेला आता इराकमध्ये बंदोबस्तासाठी दुसऱ्या देशांचं सैन्य हवं होतं, आणि दिल्लीत विचार चालू होता की पाठवावं का. भारत मी स्वतःच्या हाताने 'विचार करताहेत' खाली लिहिला. मी इचलकरंजीला फोन केला, वडिलांना म्हटलं पत्रक काढा. त्यांनी काढलं. मजकूर मी फोनवर सांगितला.

जुलैमध्ये दिल्लीने नाही म्हटलं.

त्या दिवशी मी भारताचं नाव खोडून मधल्या रकान्यात लिहिलं आणि रांगेतल्या सगळ्यांना चहा पाजला. संध्याकाळी मेसमध्ये देशमुखसाहेबांनी पेढे आणले, जाब्रियातल्या ओळखीच्या नर्स बाईंनी केलेले. मी उभा राहून भाषण ठोकलं. चाचा पळी हातात धरून दारात ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे आपला कोण जाणार नाय?"

"एकही माणूस नाही," मी म्हटलं.

तेच माझ्या लेखाचं शीर्षक झालं. लेख मी दोन आठवड्यांत लिहून पाठवला. त्यात एक वाक्य होतं, ज्यावर मी स्वतःच फिदा होतो: 'त्या सरहद्दीपलीकडे आमचा एकही माणूस जाणार नाही, ना बंदूक घेऊन, ना पळी घेऊन.' ती पळी कुणाची होती, हे वेगळं सांगायला नको.

लेख टपालात पडला त्याच आठवड्यात चाचा दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट घालून, रांगेत नंबर लावून. मेसचा परवाना ज्या माणसाच्या नावावर होता त्याने धंदा बंद केला होता. चाचांचा इकामा संपत आला होता, महिन्याभरात नवा कफील, म्हणजे नवा जबाबदार मालक, मिळाला नाही तर परत जावं लागणार होतं. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एक कंपनी आचारी घेत होती, लष्करी छावण्यांना जेवण पुरवणारी. कंपनीचा मंदूब सोबत होता. मंदूब म्हणजे कंपनीचे सरकारी कागद घेऊन फिरणारा माणूस. याचं नाव जमाल. हसतमुख, दर वेळी उस्तादांसाठी खजूर आणणारा.

चाचा माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "मास्तर, सगळा वाचू नका. येकच सांगा. सरहद्दीपलीकडं जावचा हाय काय?"

मी करार उघडला. नववं कलम: 'कामाचे ठिकाण कुवेत राज्य, अथवा कामाच्या गरजेनुसार लगतचा प्रदेश.'

लगतचा प्रदेश. सहा महिने मी असलेच शब्द फोडून वरच्या मजल्यावर पाठवत होतो. सैनिकाला अभियंता म्हणणारं निवेदन मी एका नजरेत ओळखायचो. इथे तर ओळखायलाही काही नव्हतं. कुवेतला लगतचे देश दोनच, आणि त्यातल्या एकात, इराकमध्ये, छावण्या होत्या. पण माझ्या डोक्यात माझा लेख होता. माझं सरकार नाही म्हणालं होतं, मी ते छापायला पाठवलं होतं, म्हणजे ते झालं होतं. पत्रकांवर वाढलेल्या माणसाची ही खोड आहे. जे ठळक टायपात छापलं ते घडलं असं त्याला वाटतं.

मी हसून चाचांना म्हटलं, "एक कलम आहे तसं. पण ती ओळ आता मेली, चाचा. जुन्या छापील नमुन्यातली आहे. दिल्लीने नाही म्हटलंय ना, मग आपल्या माणसाला तिकडे नेणार कोण?"

उस्ताद समीर शेजारच्या टेबलावर होते. मराठी त्यांना कळत नव्हती, पण 'दिल्ली' कळलं आणि माझं बोट कुठल्या ओळीवर होतं तेही दिसलं. ते टाइप करता करता म्हणाले, "शुफ, तेरा हुकूमत आदमी नहीं भेजेगा, ठीक. ये पेपर में हुकूमत किधर है?"

हे वाक्य मी ऐकलं. त्याचा अर्थही मला कळला. सरकार सैनिक पाठवतं किंवा पाठवत नाही. आचाऱ्याला कंपनी नेते, आणि कंपनीला दिल्लीने काहीच विचारलेलं नव्हतं. एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मला ते त्याच क्षणी कळलं. पण चाचांसमोर एकदा म्हटलं होतं, मागे रांग होती, आणि एक इजिप्शियन टंकलेखक मला राजकारण शिकवतोय याचा थोडा राग आला होता. मी करार चाचांकडे सरकवला.

चाचांनी विचारलं, "काय म्हणतो तो?"

"काही नाही. सही करा."

त्यांनी केली. मी शिक्का मारला, खाली माझं नाव लिहिलं, सही केली. जमालने खजुराचा डबा माझ्यापुढे धरला. मी दोन घेतले.

सप्टेंबरमध्ये एके सकाळी दुकानाचा फोन वाजला. आवाज तुटत होता, मागे कसलीतरी मोठी मोटर घुरघुरत होती.

"मास्तर, मी अब्बास. तुमच्या सरकारनं नाय म्हटलेला ना? हिकडं कुणाला ठावूक नाय वाटतं."

ते इराकमध्ये होते. आठवडा झाला होता. कुवेतमधल्याच छावणीत नेतो म्हणून गाडीत बसवलं, गाडी थांबली ती सरहद्द ओलांडून चार तासांनी. पासपोर्ट कंपनीकडे. मी काहीतरी बडबडलो, वकिलातीत जातो, तक्रार करतो. ते म्हणाले, "ता करा तुमी. पण फातिमाला सांगू नका. तिचा फोन आला तर म्हणा, चुलीफुडं हाय." आणि लाइन तुटली.

वकिलातीत जायला मी निघालोही. उस्तादांनी कराराची दुकानातली प्रत काढून माझ्यापुढे ठेवली. "तेरे पास सबूत क्या है? ये पेपर. इसमें नाम किसका है?" त्यांचा सूर धमकीचा नव्हता. ते फक्त दाखवत होते. वकिलातीतला माणूस पहिला प्रश्न विचारणार होता, कलम वाचून दाखवलं होतं का? आणि शिक्का म्हणत होता, दाखवलं होतं, समजलं होतं. सही माझी. खरं बोलायचं तर मला सांगावं लागणार होतं की शिक्का खोटा आहे, मी खोटा आहे. दुकान बंद पडलं असतं, माझा इकामाही गेला असता. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. माझा लेख अंकाच्या छापखान्यात होता.

छापखान्यात वाढलेल्या मला इथे कसलीही सबब नाही. शेवटचा फॉर्म, म्हणजे जुळवलेली पानं, मशिनवर चढेपर्यंत ओळ काढता येते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. संपादकांना एक फोन केला असता तर 'ना पळी घेऊन' एवढे तीन शब्द गेले असते. मी रोज ठरवायचो, उद्या करतो. मग अंक छापून झाला.

त्या पुढच्या आठवड्यांत तोच करार घेऊन जमाल आणखी माणसं आणत राहिला. त्यांना मी नववं कलम नीट वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. 'लगतचा प्रदेश म्हणजे इराकही असू शकतं,' असंही सांगितलं. काही उठून गेले, बरेचसे सही करून गेले. पण 'असू शकतं' म्हणणं आणि 'एका माणसाला नेलंय, तो आत्ता तिथे आहे' म्हणणं यांत फरक आहे. दुसरं मी एकालाही सांगितलं नाही. त्यावर पुढचा प्रश्न आला असता, त्याला वाचून कुणी दाखवलं होतं?

दिवाळीनंतर पुण्याहून कुणीतरी आलं, अंक घेऊन. मेस आता आम्हीच वर्गणी काढून एका नव्या आचाऱ्याच्या भरवशावर चालवत होतो, कालवण पाण्यासारखं. शुक्रवारी दुपारी देशमुखसाहेबांनी ताटं झाल्यावर माझा लेख मोठ्याने वाचायला घेतला. त्यांचा आवाज छान, अगदी रेडिओसारखा. त्या वाक्याशी येऊन ते थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा! पळी! अब्बासचाचांना पाठवायला हवा हा अंक. कुठल्या छावणीत आहेत हो ते? इथेच कुवेतमध्ये, शुऐबा बाजूला ना?"

"हो, तिकडेच," मी म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. शुक्रवार होता. मीच जवळ बसलो होतो. फातिमाचाचींनी मला ओळखलं. "मास्तर काय? हे कुठं हाईत? दोन म्हयने आवाज नाय."

समोर सहाजण माझ्याकडे कौतुकाने बघत होते. देशमुखसाहेबांच्या हातात अंक होता, बोट त्या ओळीवर.

"चुलीपुढे आहेत, चाची," मी म्हटलं. "छावणीत फोन मिळत नाही, एवढंच."

"सरहद्दीच्या ह्या बाजूला ना?"

"ह्याच बाजूला."

चाचांनी मला एवढंच सांगितलं होतं की चुलीपुढे आहे म्हणा. ह्या बाजूला हे माझं.

चाचा वसंतात परत आले. मी त्यांना ओळखलं ते टोपीवरून. जमालच त्यांना दुकानात घेऊन आला. छावणीच्या स्वयंपाकघराजवळ तोफगोळा पडला होता. त्यांना जखम झाली नाही, पण डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं आणि उजव्या कानात सतत शिट्टी वाजत राहायची. कंपनी त्यांना घरी पाठवायला तयार होती, पासपोर्ट परत द्यायलाही. त्याआधी एका कागदावर सही हवी होती, आणि कंपनीला आमच्याच दुकानाचा शिक्का हवा होता. जमाल खूप अदबीने म्हणाला, "तुमच्या शिक्क्यावर कुणी बोट ठेवत नाही."

चाचा माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसले. मग उठून खुर्ची वळवून घेतली, उजवा कान माझ्याकडे करून. म्हणाले, "जोरात वाचा, मास्तर. आणि ह्या टायमाला सगळा वाचा."

मी वाचलं. 'मी कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वखुशीने लगतच्या प्रदेशात कामास गेलो. सदर कलम मला माझ्या भाषेत वाचून दाखवण्यात आले होते. झालेल्या शारीरिक त्रासाबद्दल माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही.' मला ओरडून वाचावं लागत होतं. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. माझ्या शाळेच्या, सभांच्या दिवसांत एवढ्या मोठ्याने मी बरंच काही वाचलं होतं. असलं काही नाही.

संपल्यावर चाचांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

"ह्यातली मेलेली ओळ कुठली, मास्तर?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांना वाटलं त्यांनाच ऐकू आलं नाही. कान आणखी जवळ आणून त्यांनी पुन्हा विचारलं, "कुठली?"

"एकही नाही, चाचा," मी ओरडून म्हटलं. "सही करू नका. मी सांगतो खरं काय झालं ते. आपण वकिलातीत जाऊ."

ते हसले. "तवा गेलेलात काय?"

मी मान हलवली. नाही.

"मग र्‍हाऊ द्या. पासपोट पायजे मला. घरी जावचा हाय. फातिमाला मी सांगितलाय सगळा, तुमी ह्या बाजूला म्हणालेलात ता बी तिनं मला सांगितला." त्यांनी सही केली, सावकाश, अक्षर जोडून. मग कागद माझ्याकडे सरकवला. "आता तुमची."

मी शिक्का मारला आणि सही केली. यावेळी शिक्का खरा होता. मजकूर वाचून दाखवला होता आणि तो त्यांना पूर्ण समजला होता.

त्यानंतर मी तिथे फार टिकलो नाही. त्या वर्षाच्या अखेरीस परत आलो. उस्तादांनी निरोपाला खजूर दिले, मी ते विमानतळावर ठेवून आलो. देशमुखसाहेबांना खरं सांगण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही; हा अंक त्यांच्याकडे जातो, तेव्हा आता कळेल.

छापखान्यात शिरल्यावर पहिल्यांदा दिसला तो भिंतीवरचा लेख. मी म्हटलं, हा काढा. वडिलांनी कारण विचारलं. टाळाटाळ करत करत ते सांगायला मला जवळजवळ साडेतीन वर्षं लागली. या मे महिन्यात सांगितलं. ते छपाईचे खिळे जुळवत होते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजूत घालतील की तू तरी काय करणार होतास. दोन्ही केलं नाही. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकीच्या नावांच्या, चुकीच्या मुहूर्तांच्या पत्रिका दुरुस्त करून दिल्या आहेत, आणि त्यांची पद्धत ठरलेली आहे. चूक सापडली की एक छोटी चिठ्ठी छापायची आणि प्रत्येक प्रतीत घालायची. ओळ कुठली, छापलं काय, वाचावं काय. कारणं लिहायची नाहीत.

"शुद्धिपत्र काढ," ते म्हणाले. "चौकट मी उतरवत नाही. तुझी चिठ्ठी आली की तिच्याशेजारी लावतो."

कारणं मी वर लिहून बसलो, हे त्यांना आवडणार नाही. चिठ्ठी त्यांच्या पद्धतीने आहे. ती मी रत्नागिरीलाही पाठवतो आहे. चाचांना त्यांची मुलगी वाचून दाखवेल, उजव्या बाजूने, मोठ्याने.

शुद्धिपत्र. लेख: 'आमचा एकही माणूस नाही'. छापले आहे: 'त्या सरहद्दीपलीकडे आमचा एकही माणूस जाणार नाही, ना बंदूक घेऊन, ना पळी घेऊन.' त्याऐवजी वाचावे: 'पळी घेऊन अब्बासचाचा गेले. त्यांना जायचं नव्हतं. कागद मी वाचला होता.'